सोंग, संचार आणि अस्वल : एका पात्राची मांडणी

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याने एक पात्र तयार केले. त्याला तीन आठवडे लागले. पात्राला नाव होते, वय होते, सहा गुणांचे आकडे होते. ते देवराईत वाढलेले होते, हवे तेव्हा प्राण्याचे रूप घेत होते आणि एकदा पिसाळले की त्याचे मंत्र त्याच्या उपयोगी पडत नव्हते. हे सगळे एका कागदाच्या दोन्ही बाजूंवर पेन्सिलीने लिहिलेले होते. दर शनिवारी संध्याकाळी चार मित्र रत्नागिरीच्या आमच्या घरी येत, पडवीतल्या टेबलाभोवती बसत आणि रात्री दहापर्यंत फासे टाकत, बोलत, भांडत त्या पात्राला आणि आपापल्या पात्रांना जगवत.

मी आयुष्यभर मराठी शिकवले. ‘पात्ररचना’ हा भाग तर वर्षानुवर्षे फळ्यावर मुद्दे लिहून शिकवला. पण कोणी पात्र रचताना शेजारी बसून पाहण्याची संधी त्या पडवीतच प्रथम मिळाली. सुरुवातीला मी चहा द्यायला जात असे, पुढे खुर्ची ओढून बसू लागले. एका शनिवारी त्या टेबलावर असे काही घडले, की या खेळाकडे समीक्षेच्या नजरेने पाहिले पाहिजे असे वाटले. हा लेख त्यातून झाला आहे.

खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पट असलाच पाहिजे असे नाही, आणि जिंकणे-हरणेही नेहमीच्या अर्थाने नाही. एक जण सूत्रधार होतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. तो प्रसंग सांगतो : ओढ्याला पूर आला आहे, पलीकडे कोणीतरी हाका मारते आहे, तुम्ही काय करता? बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देतात. जमेल की नाही याची शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या गुणाचा आकडा मिळवायचा, आणि जे येईल ते सर्वांनी मानायचे. प्रत्येक पात्राचा एक ‘क्लास’ असतो. क्लास म्हणजे पेशा : लढवय्या, चोर, पुरोहित, मांत्रिक. अनुभव वाढला की पात्र एकेक पायरी वर चढते आणि त्या पेशातली नवी विद्या त्याला मिळते.

कोकणातल्या वाचकाला हा प्रकार फार परका वाटू नये. दशावताराचा प्रयोग असाच उभा राहतो. संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरते, कोणी कोण व्हायचे ते ठरते, आणि संवाद रंगभूमीवर उभ्या उभ्या सुचतात. दशावताराचे मुख्य घर आज सिंधुदुर्गात असले, तरी १९८१ पर्यंत तो आमच्याच जिल्ह्याचा भाग होता. रत्नागिरी बाजूचे नमन-खेळेही शब्दांपेक्षा सोंगांच्या क्रमावर चालतात. फरक आहे तो फाशांचा. दशावतारात रावण जिंकेल की हरेल हे फासा ठरवत नाही. पडवीतल्या टेबलावर तो ठरवतो.

हा फरक लहान नाही. रॉजे कायवा या फ्रेंच विचारवंताने १९५८ मध्ये खेळांवर लिहिलेल्या पुस्तकात खेळांचे चार मूलप्रकार सांगितले : स्पर्धा, नशीब, सोंग आणि भोवळ. भोवळ म्हणजे आपली फुगडी आणि भिंगरी, जाणूनबुजून स्वतःला गरगरवून टाकणे. कोणते प्रकार एकमेकांत मिसळतात आणि कोणते मिसळत नाहीत याचाही त्याने विचार केला. सोंग आणि भोवळ यांचे नाते त्याला अगदी जवळचे वाटले. मुखवटा आणि अंगात येणे ही जोडी त्याने त्यात धरली. सोंग आणि नशीब यांचे मात्र जमत नाही असे त्याचे मत होते. त्यानंतर सोळा वर्षांनी जो खेळ निघाला, तो नेमका या न जमणाऱ्या जोडीवर उभा आहे. सोंग घ्यायचे आणि त्याचे भवितव्य फाशावर सोडायचे. हे जमते कसे, हा माझा पहिला प्रश्न होता. त्याचे उत्तर मला भाच्याच्या अस्वलाने दिले.

भाच्याने निवडलेला मुख्य पेशा होता ‘ड्रुइड’. ड्रुइड हे प्राचीन गॉल आणि ब्रिटनमधल्या केल्टिक लोकांचे पुरोहित. ज्यूलियस सीझरने त्यांच्याविषयी लिहिले आहे : ते न्यायनिवाडा करीत, शिकवीत, आणि आपली विद्या लिहून न ठेवता मुखोद्गत करीत, काहींचे शिक्षण वीस वर्षे चाले. थोरल्या प्लिनीने ओक वृक्ष आणि त्यावरचे बांडगूळ यांच्याशी जोडलेला त्यांचा विधी वर्णिला आहे. माणसाचा प्राणी होण्याविषयी सीझर ड्रुइडांच्या संदर्भात काही सांगत नाही. खेळात हा पेशा खेळाडूंसाठी १९७६ मध्ये आला. १९७८ च्या नियमपुस्तकात त्याला सातव्या पायरीवर रूप बदलता येई : दिवसातून एकदा सरपटणारा प्राणी, एकदा पक्षी, एकदा सस्तन. त्याच पुस्तकात वरच्या पायऱ्यांवरच्या ड्रुइडांची संख्याही बांधून दिली होती. बाराव्या पायरीवर जगात नऊच, तेराव्यावर तीन आणि सर्वांत वर एक. वर चढायचे तर वरच्याला हरवून त्याची जागा घ्यावी लागे.

भाचा खेळतो ते नियम २०१४ चे. त्यांत रूपांतराची कलमे आहेत ती अशी. पात्राने पूर्वी पाहिलेल्या प्राण्याचेच रूप घेता येते. सुरुवातीला पोहणारा किंवा उडणारा प्राणी चालत नाही. पोहणारा चौथ्या पायरीनंतर, उडणारा आठव्या पायरीनंतर. प्राणी झाल्यावर शरीराचे गुण प्राण्याचे. बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तिमत्त्व मात्र स्वतःचे. बोलता येत नाही, मंत्र म्हणता येत नाही. प्राण्याच्या शरीराची ताकद संपली की मूळ माणूस परत उभा राहतो. आणि ड्रुइड धातूचे चिलखत अंगावर घालत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याने ही यादी पुन्हा वाचावी. पहिलेच कलम पाहा : जे पाहिले नाही, ते होता येत नाही. नवकथेच्या काळात अनुभवाच्या अस्सलपणावर आपल्याकडे जितकी चर्चा झाली, तिचा गाभा या एका कलमात आहे. चिलखताचे कलम तर व्रताच्या नेमासारखे आहे; त्याचे कारण पुस्तक फारसे सांगत बसत नाही, आणि नेमाचे कारण आपल्याकडेही कोणी विचारत नाही. पण सर्वांत महत्त्वाचे कलम मनाचे आहे. देह अस्वलाचा झाला तरी आतला माणूस शाबूत असतो.

इथे मला आपल्याकडचे रूपांतराचे प्रकार आठवले, आणि ते वेगवेगळे आहेत हेही प्रथमच नीट लक्षात आले. मराठीत आपण ‘रूप घेणे’ हा एकच शब्दप्रयोग सर्रास वापरतो. पण त्यात निदान चार गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट सोंग. आमच्या वाडीच्या नमनात माझे धाकटे काका संकासुर होत. काळा पायघोळ वेश, डोक्यावर उंच निमुळती टोपी, तोंडावर मुखवटा, कमरेला घुंगरू. हा संकासुर म्हणजे वेद पळवणारा शंखासुर, ज्याला मारायला विष्णूला मत्स्य व्हावे लागले. शिमग्यात मात्र लोक या असुरापुढे पोर आणून ठेवतात, त्याला नवस बोलतात, आणि त्याच्या चेष्टांवर हसतातही. सोंगात देह तोच असतो आणि मनही तेच असते. बदलतो तो वेश, आणि वेशाबरोबर भोवतालच्यांचे वागणे.

दुसरी गोष्ट संचार. आमच्याकडे त्याला वारे येणे किंवा अवसर येणे म्हणतात. पालखी उभी असताना एखाद्या माणसाचे अंग थरथरू लागते, आणि मग लोक जे प्रश्न विचारतात ते त्या माणसाला नसतात. देह त्याचाच, मन दुसऱ्याचे. नंतर त्याला विचारले तर काही आठवत नाही असे तो सांगतो.

तिसरी गोष्ट परकायाप्रवेश. नवनाथांच्या कथांत मच्छिंद्रनाथ मेलेल्या राजाच्या देहात शिरतो आणि राज्य करतो. मन तेच, देह परका. या कथेत खरी चिंता राजाच्या देहाची नसून मागे राखून ठेवलेल्या मूळ देहाची असते. तो नष्ट झाला तर परतायला जागा नाही.

चौथी गोष्ट कायापालट : देह स्वतःच बदलतो, आणि मन बदलते की नाही हे कथेकथेवर अवलंबून असते. शापाने शिळा झालेली अहल्या, मोहिनी झालेला विष्णू, मृगरूप घेतलेला मारीच. मारीचाची कथा मला इथे सर्वांत बोलकी वाटते. तो शेवटच्या क्षणी हरणाच्या देहातून माणसाच्या आवाजात हाक मारतो, आणि त्या हाकेवर पुढचे सारे रामायण फिरते.

संतवाङ्मयाने यातला पहिला प्रकार पूर्ण जाणीवपूर्वक वापरला. एकनाथांच्या भारुडांत जोशी, गोंधळी, वासुदेव येतात, तसा विंचूही येतो आणि भूतही. सोंग कितीही बदलले तरी बोलणाऱ्याचे मन ढळत नाही, हीच त्या रचनांची शक्ती आहे. अभिनवगुप्ताने नटाविषयी हेच सांगितले. नटाला पात्र म्हणायचे ते भांड्याच्या अर्थाने. भांड्यातल्या पेयाची चव भांड्याला लागत नसते, पिणाऱ्याला लागते. आपण रोज वापरतो त्या ‘पात्र’ शब्दात हा सिद्धान्त दडलेला आहे.

आता भाच्याच्या कागदाकडे परत येते. खेळातला ड्रुइड चौथ्या प्रकारातला आहे, तोही मन राखणारा. पण भाच्याला एवढ्यावर समाधान नव्हते. या खेळात एका पात्राला दोन पेशे देता येतात. त्याला मल्टिक्लास म्हणतात. अट एवढीच, की दोन्ही पेशांचे मुख्य गुण किमान तेरा हवेत. भाच्याने ड्रुइडाच्या पाच पायऱ्यांना ‘बार्बेरियन’ या पेशाची एक पायरी जोडली. बार्बेरियन हा रानटी योद्धा. त्याची विद्या म्हणजे संताप. दिवसातून दोनदा, दर वेळी एक मिनिट, तो पिसाळू शकतो. त्या मिनिटात त्याला शस्त्रांचे, दातांचे, नखांचे घाव निम्मेच लागतात. मात्र त्या मिनिटात त्याला मंत्र म्हणता येत नाही, आणि आधी म्हटलेला मंत्र मनात धरूनही ठेवता येत नाही.

असे का केले, म्हणून मी विचारले. त्याने हिशोब मांडला.

“आत्या, हे बघ. अस्वलाची ताकद चौतीस. मी दोनदा अस्वल होऊ शकतो, म्हणजे अडुसष्ट. त्यात पिसाळलो की मार निम्मा. म्हणजे एकशे छत्तीस झाले. शिवाय माझी स्वतःची वेगळी. मला कोणी पाडूच शकत नाही.”

हिशोब बरोबर होता. ही जोडी जगभरच्या खेळाडूंना माहीत आहे आणि ती याच बेरजेसाठी केली जाते. पण त्याच्या कागदावर ‘स्वभाव’, ‘आदर्श’, ‘बंध’ आणि ‘दोष’ अशा चार चौकटी होत्या, त्या चारही कोऱ्या होत्या. त्यांना आकडे नसतात, असे तो म्हणाला.

इथे या पात्ररचनेवरचा माझा पहिला आक्षेप होता. पात्र म्हणजे गुणांची बेरीज, ही कल्पना आपल्या लोकप्रिय कादंबरीतही आहे. नायक शूर, शिवाय हळवा, शिवाय विनोदी. जोडत गेले की माणूस होतो, असा तो समज. पण दोन गुण एका देहात आले की ते एकमेकांशी काय करतात, हा पात्ररचनेचा खरा प्रश्न असतो. भाच्याने दोन अशा विद्या एकत्र आणल्या होत्या, की पहिलीचे सारे मर्म मन राखण्यात होते आणि दुसरीचे ते सोडण्यात. आपल्या भाषेत सांगायचे तर त्याने कायापालट आणि संचार एका पात्रात ओतले होते. बेरीज करताना हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. नियम लिहिणाऱ्यांनी तरी त्याचा किती विचार केला असेल, कोण जाणे. पण नियमांत ते होते.

तो शनिवार श्रावणातला. बाहेर पाऊस इतका, की फाशांचा आवाज ऐकू येत नव्हता. खेळात सगळे जण एका घाटवाटेवर सापडले होते. भाच्याचे पात्र पहिल्या पाळीत अस्वल झाले, दुसऱ्या पाळीत पिसाळले. बेरीज अगदी खरी ठरली; घाव येत होते आणि अस्वल उभे होते. मग शेजारच्या मुलाचे पात्र पडले. हा मुलगा भाच्याचा पहिलीपासूनचा मित्र. या खेळात पडलेल्या पात्राची ताकद शून्यावर आली की दर पाळीला एक फासा टाकायचा. दहा किंवा वर आले तर एक यश, खाली आले तर एक अपयश. तीन यशे झाली तर जीव तगतो, तीन अपयशे झाली तर पात्र मरते. मित्राची दोन अपयशे झाली होती.

भाचा म्हणाला, “मी त्याला बरे करतो. मंत्र आहे माझ्याकडे.”

सूत्रधार मुलगा शांत स्वभावाचा आहे. त्याने पुस्तक उघडून सांगितले, की पिसाळलेला असताना मंत्र म्हणता येत नाही. भाचा म्हणाला, राग सोडतो. सोडता येतो, पण त्यात पाळीतली ती एक छोटी कृती खर्च होते. मग माणूस होतो. त्यालाही तीच छोटी कृती लागते, आणि ती पाळीला एकदाच मिळते. म्हणजे संतापातून बाहेर यायला एक पाळी, आणि अस्वलातून माणसात यायला दुसरी. भाच्याने राग सोडला. त्या पाळीत तो मित्राच्या उशाशी उभा असलेला एक शांत, मुका प्राणी होता. सगळे समजत होते, पण त्याला काही म्हणता येत नव्हते. मित्राने फासा टाकला. चार पडले.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मित्राने आपला कागद घडी करून खिशात ठेवला. भाचा एवढेच म्हणाला, “मी तिथेच होतो.”

मी पुष्कळ शोकात्म नाटके वाचली आणि शिकवली. हा प्रसंग त्यांच्या तोलाचा होता असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण त्याची जात तीच होती, हे मला नाकारता येत नाही. पात्राने स्वतः निवडलेली शक्ती, त्या शक्तीतच असलेली अडचण, आणि ती उघड व्हायला लागलेला नेमका तेवढा उशीर. कोणी लेखकाने हे रचले नव्हते. नियमांनी वाट बांधून ठेवली होती आणि फाशाने त्या वाटेवर मुलांना नेऊन सोडले. कायवाला न जमणारी वाटलेली जोडी मला इथे जमलेली दिसली. नशीब सोंगाला मोडत नाही, उलट सोंग घेणाऱ्याला त्याची किंमत भरायला लावते. नाटकातला नट मरणाचे सोंग करतो तेव्हा मरण त्याला आधीच ठाऊक असते. या मुलांना ते ठाऊक नव्हते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. नियमपुस्तकातल्या कृतींच्या हिशोबातून निघालेला हा योगायोग आहे, त्यात अर्थ शोधणे म्हणजे समीक्षकाची हौस, असे कोणी म्हणेल. अनुभवी खेळाडूही असेच मानतात : आकडे वेगळे आणि पात्राची कथा वेगळी, कथा म्हणजे वरून घातलेली फोडणी. मला हे पटत नाही. वृत्तात लिहिणाऱ्याला यती कुठे येतो हे वृत्त सांगते, पण तिथे थांबल्यावर जो अर्थ निघतो तो कवितेचाच असतो. या खेळात नियम हाच मजकूर आहे. त्याचा पुरावा नियम बदलल्यावर मिळतो. २०२४ च्या सुधारित आवृत्तीत प्राण्याच्या देहाची ती वेगळी ताकद काढून टाकली आहे. आता रूप बदलले तरी जीव स्वतःचाच राहतो, वर थोडे संरक्षण मिळते, आणि ते संपले की घाव मूळ माणसालाच लागतात. नियमकर्त्यांनी हे बहुधा खेळाचा तोल साधण्यासाठी केले असेल. पण कथेच्या दृष्टीने केवढा फरक पडला! आधी अस्वलाची जखम अस्वलाबरोबर जात होती. आता ती माणसाच्या अंगावर उरते. रात्री प्राण्याला झालेली जखम सकाळी माणसाच्या अंगावर दिसते, ही लोककथा जगात अनेक ठिकाणी सांगतात. नवा नियम नकळत त्या कथेच्या बाजूला जाऊन बसला आहे.

त्या रात्री मुले गेल्यावर मला काकांची आठवण झाली. आमच्या घरात एक रीत होती. काकांनी घुंगरू बांधले की उतरवीपर्यंत त्यांना कोणी नावाने हाक मारायची नाही. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा खेळे आमच्या अंगणात आले, आणि मी मुखवट्याकडे बघून “काका” म्हणून ओरडले. संकासुर थबकला, पण बोलला नाही. नाचून झाल्यावर मागीलदारी टोपी उतरवून, मुखवटा उजवीकडे ठेवून, हात-पाय धुऊन काका आले, आणि मग म्हणाले, “आता बोल.” आईने पाण्याचा तांब्या पुढे केला होता, तोही त्यांनी आधी घेतला नव्हता. “आदी सोंग उतरू दे, मंग पानी,” असे ते नेहमी म्हणत.

लहानपणी मला ही अंधश्रद्धा वाटे, मोठेपणी शिस्त वाटली. आता वाटते की तो एक रचनेचा नियम होता. सोंग चढवण्यापेक्षा उतरवण्याला आमच्या वाडीत जास्त पायऱ्या होत्या. अवसराचेही तसेच. वारे आलेल्या माणसाला परत आणायला अंगारा असतो, पाणी असते, आणि मुख्य म्हणजे धरणारी माणसे असतात. मच्छिंद्रनाथाच्या कथेतही परत आणायला गोरक्ष लागतोच. दुसरे रूप घेणे हे एकट्याचे काम असेल. परत येणे एकट्याचे नसते. भाच्याच्या पात्रात कमतरता होती ती इथे. त्याने होण्याचा हिशोब मांडला, परतण्याचा मांडला नाही.

आता थोडे अवघड बोलते. पुढच्या शनिवारी भाचा म्हणाला, “आत्या, संकासुराचाच एक क्लास केला तर? आपला. ड्रुइडऐवजी.” इतर मुलांनाही कल्पना आवडली. मला बरेही वाटले आणि धसकाही बसला. बरे अशासाठी, की मुलांना आपल्या मातीतले काहीतरी टेबलावर हवे होते. धसका अशासाठी, की ड्रुइडांचे काय झाले ते मी नुकतेच वाचले होते. वीस वर्षे मुखोद्गत केलेली विद्या आता पाच-सहा कलमांत मावते आहे. श्रद्धा यादीत आली की तिचे ‘दिवसातून दोनदा’ होते. संकासुराच्या पावित्र्याची मला काळजी नाही. तो स्वतःच थट्टेखोर आहे. मला काळजी आहे ती त्याच्या विसंगतीची. वेद चोरणारा असुर, आणि त्याच्याच पायाशी पोर ठेवणारी आई. ही विसंगती कोणत्या आकड्यात बसवणार?

तरीही मी नको म्हटले नाही. नको म्हटल्याने ती मुले संकासुराकडे वळली नसती, फक्त ड्रुइडाकडे राहिली असती. मी एकच अट घातली : सोंग चढवण्याचे नियम लिहिण्याआधी उतरवण्याचे लिहा. कोण पाणी देणार, कोणी हाक मारायची नाही, आणि केव्हा मारायची, हे आधी ठरवा. सूत्रधार मुलाने वहीत ते उतरवून घेतले. त्यांनी चार ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. अजून त्यांचे जुळलेले नाही. आमच्या वाडीचे नमन एकदा पाहून मगच पुढे लिहू, असे त्यांचे ठरले आहे.

दसऱ्याला आम्ही सगळे राजापूर तालुक्यात कशेळीला कातळशिल्प पाहायला गेलो. सड्यावर एक प्रचंड हत्ती कोरलेला आहे, सुमारे अठरा मीटर लांब, आणि त्या एका हत्तीच्या पोटात कितीतरी इतर प्राणी आणि जलचर कोरलेले आहेत. मुले त्याच्या कडेने फिरत एकेक प्राणी ओळखत होती. मित्राचे नवे पात्र तेव्हा तयार होत होते. भाचा बराच वेळ खाली बसून हत्तीच्या कडेची रेघ बघत होता. आत काहीही असले तरी ती रेघ कुठे तुटत नाही, असे त्याने मला दाखवले.

घरी आल्यावर त्याने आपला जुना कागद काढला. आकडे तसेच ठेवले. पिसाळण्याची पायरीही खोडली नाही. ती आता पात्राच्या आयुष्याचा भाग झाली, असे तो म्हणाला. ‘बंध’ या कोऱ्या चौकटीत मात्र त्याने मेलेल्या पात्राचे नाव लिहिले, आणि त्याच्या पुढे मित्राच्या नव्या पात्राचे. अस्वल झाल्यावर आपल्याला परत बोलावण्याचा हक्क या नव्या पात्राला आहे, असे खाली बारीक अक्षरात लिहिले. नियमपुस्तकात असे कलम नाही. सूत्रधाराने मान्य केले तर ते चालेल, आणि तो विचार करतो आहे. पुढचा डाव शिमग्याच्या सुट्टीत आहे.